मुंग्यांनी नेलं नाही, आत्या

आत्या,

तू गेल्यावर आपल्या ओसरीवर जी माणसं येऊन बसली, त्यातल्या निम्म्यांवर माझा विश्वास नाही. उरलेल्या निम्म्यांना मी ओळखत नाही. पण सगळ्यांनी मिळून एकच शब्द वापरला. कष्टाळू. "सोजराबाई लई कष्टाळू होती." हातात चहा, नजर जमिनीकडं, आणि कष्टाळू. पुरुष मेला की तो कर्तबगार असतो, दिलदार असतो, काहीच सापडलं नाही तर निदान स्वभावाचा कडक असतो. बाई मेली की कष्टाळू. या शब्दाचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. हिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि हिनं तोंड उघडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण तू तर तोंड उघडायचीस. हीच माझी पंचाईत आहे. नवऱ्यानं सोडलेली बाई असं कुणी कुजबुजलं तर तू रस्त्यात थांबून सांगायचीस, "त्यानं कुठं सोडलं? मीच सोडून आले. त्याला अजून कळालं न्हाई आसंल." आणि स्वतःच हसायचीस, पुढचा दात नसलेल्या फटीतून वारा सोडत. अशी बाई गप्प बसून राबत होती असं मी कसं म्हणू? आणि राबत नव्हती असं तरी कसं म्हणू? ओढ्याकडचं दोन एकराचं ते वावर तू माहेरी परत आल्यापासून एकटीनं केलंस. लोह्याच्या रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारावं, बोट दाखवून सांगेल, ते सोजराबाईचं वावर. अख्ख्या गावाला माहीत होतं. फक्त सातबाऱ्याला माहीत नव्हतं. तिथं आण्णांचं नाव. आण्णा म्हणजे माझा बाप आणि तुझा धाकटा भाऊ, ज्याला त्या वावराचे बांध तरी किती हे विचारलं असतं तर तोंडाकडं बघत राहिला असता.

तुझ्या-माझ्या भांडणाचं मूळ हेच, आणि ते भांडण अर्धवट टाकून तू गेलीस. याचा मला राग आहे. आधी तेच सांगते, गोड बोलणं नंतर.

गेल्या हिवाळ्यात तो फोनवाला आला होता. शहरातून, नवी चप्पल घालून, खेड्यापाड्यातल्या माणसांच्या चित्रफिती बनवणारा. मी तेव्हा लातूरला होते. मी तिथंच राहते, संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून तहसीलसमोर बसते. त्यामुळं तुझी चित्रफीत मला दुसऱ्यांकडून कळली. तू ज्वारीत खुरपत पुढं सरकतेस, तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, टोकाला पोचतेस, उठतेस, मागं वळून बघतेस आणि म्हणतेस, "काम केलं की लई समाधान वाटतंय." खाली बासरी. वर लोकांची मतं. हीच खरी श्रीमंती. यांच्याकडून शिका. आम्ही शहरात काय मिळवलं?

मला कुणीकुणी ती पाठवली. एका बैठकीत आम्ही बायकांच्या नावाचा मुद्दा काढला, तर समोरच्या गृहस्थांनी खिशातून फोन काढला आणि मला माझीच आत्या दाखवली. म्हणाले, "बघा, या बाईला हक्क पाहिजेत का? तिला कामातच समाधान आहे. तुम्ही उगाच डोक्यात भरवता." सगळे हसले. मी त्या हसण्यात उभी होते आणि फोनमध्ये तूही हसत होतीस. त्या क्षणी तू मला त्यांच्या बाजूची वाटलीस, आत्या. खरं सांगते.

बाहेर येऊन तुला फोन केला.

"ते वाक्य तुला त्यानं शिकवलं ना?"

"न्हाई की."

"मग कामून बोललीस?"

"वाटलं म्हणून."

"वाटलं म्हणजे काय?"

"आता वाटतंय त्याला काय सांगू बई? तुला भूक लागती ती काय मोर्चा काढून लागती का?"

मी म्हटलं, तुला कुणीतरी लहानपणापासून हे शिकवलंय. घाम गाळ आणि त्यालाच सुख म्हण. यात तुझा बाप आला, भाऊ आला, सगळे आले. तू म्हणालीस, "बाप मला गाढवी म्हणायचा. समाधान बिमाधान त्याला ठावं नव्हतं." मग म्हणालीस, गॅसवर दूध आहे, फोन ठेव. मी ठेवला. आणि त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं.

ते पत्रक तुझ्यासमोर कबूल केल्याशिवाय हा लेख पुढं जाणार नाही. मथळा होता 'समाधानाच्या नावाखाली'. दुसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, आमच्या गावात एक बाई आहे, दोन एकर एकटी करते, नावावर वीतभर नाही. तिला विचारा, ती सांगेल मला समाधान आहे. हे समाधान हिला कुणी पाजलं? तुझं नाव टाकलं नाही. ओढ्याकडचं वावर, एकटी बाई, पडलेला दात, एवढं सगळं लिहून नाव टाकलं नाही आणि स्वतःला सभ्य समजले.

त्याहून वाईट पुढं आहे. गावी आले तेव्हा त्या पत्रकांचा एक गठ्ठा मी तुझ्याकडंच ठेवला. म्हटलं, बायकांत वाट. तुला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ठेवला. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, पण मी ते लिहिणार, कारण दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर दोन पानं लिहिली असती.

त्यानंतर मी दोनदा आले. तू मला करडीची कोवळी भाजी खाऊ घातलीस, म्हशीबद्दल बोललीस, गुडघ्याबद्दल बोललीस, आमच्या संघटनेत लग्नं होतात की नाही हे विचारलंस. पत्रकाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, सुटले. गठ्ठा चुलीत गेला असणार असाही एक संशय होता, आणि तसं झालं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात तुला ताप आला. पुढचं लोक सांगतात तसं सांगायची माझी इच्छा नाही.

तेराव्याला बायका जमल्या. पंगत उठल्यावर एकेक जण माझ्याजवळ येऊन बसायला लागली आणि एकेक जण तेच बोलायला लागली. तुझ्या पत्रकातलं ते लई खरं हाय बई. तुझ्या पत्रकात ते सात-बारा का काय ते लिव्हलंय, ते कुठं मिळतंय? मी चक्रावले. आपल्या गल्लीत माझं पत्रक कुणी वाचल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं. खोटं बोलत असतील, दुःखाच्या घरी बरं बोलायचं म्हणून बोलत असतील. म्हटलं, तुम्हाला कुठं मिळालं? तर शेजारची संगीता वहिनी म्हणाली, "करडीत."

तू दरवर्षी तुझ्या करडीचं बी बायकांना वाटायचीस. निवडलेलं, पांढरं, गुळगुळीत, राखेत घोळलेलं. यंदा त्याच्या पुड्या तू माझ्या पत्रकात बांधल्यास. एकेक पत्रक, एकेक पुडी, एकेक घर. बी कणगीत ओतून बायकांनी कागद फेकला नाही. कुणी पोराकडून वाचून घेतला, कुणी देव्हाऱ्याच्या फळीवर अंथरला आणि येता-जाता शाळेतल्या मुलीनं मोठ्यानं वाचला. आम्ही चौकात उभं राहून वाटलेली पत्रकं बसस्टँडच्या नाल्यात तरंगतात. तुझी घरोघर पोचली.

मी संगीता वहिनीला बाजूला घेतलं. ती धोंडीबाकाकांची सून, बारावी झालेली, तुझा तिच्यावर जीव होता. विचारलं, आत्याला माहीत होतं का त्यात काय लिहिलंय?

"माहीत न्हाई तर काय? मीच वाचून दावलं. सगळं."

"सगळं?"

"ते समाधान कुणी पाजलं तिथं आल्यावर मी थांबले. तर मलाच म्हणल्या, वाच की, कामून थांबलीस? मग वाचलं."

"मग?"

"मग काय. कागदाला आसा हात लावून बघितला. म्हणल्या, कागद जाड हाय. बी सर्दावणार न्हाई."

मी हसले, आत्या. तेराव्याच्या दिवशी, सगळ्यांच्या समोर, तोंडाला ओढणी लावून. मग ते हसणं कुठं गेलं ते मला कळलं नाही.

वहिनीनं आणखी एक सांगितलं. चित्रफीत घेतली तेव्हा ती तिथंच होती. तो फोनवाला आधी तुला म्हणाला, मावशी म्हणा, माती माझी आई आहे. तू म्हणालीस, "माझी माय येगळी होती. ती भिंती सारवून सारवून मेली." मग तो म्हणाला, परत एकदा मागं वळून बघा, ऊन चांगलं आलंय. तू म्हणालीस, "एकदाच बघायचं आसतंय." समाधानाचं वाक्य मात्र तू आपणहून बोललीस. आणि वहिनी म्हणते, त्याच्या पुढंही बोललीस, ते त्यानं कापलं. "समाधान वाटतंय, आन नाव आसतं तर आजून वाटलं आसतं."

इथं मी थांबते. कारण हे मला हवं होतं अगदी तेच वाक्य आहे. हवं तेच ऐकायला मिळालं की मी जास्त सावध होते, एवढं तरी या कामानं मला शिकवलंय. तू खरंच असं म्हणालीस, की माझं तोंड बघून वहिनीनं ते जोडलं? तिला विचारलं तर ती शपथ घेईल. तुला विचारता येत नाही. हे वाक्य मी आजवर कुठल्याही पत्रकात वापरलेलं नाही आणि वापरणार नाही. फक्त इथं तुला सांगते, कारण तुझं असेल तर ते तुझं आहे.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी आण्णांनी विषय काढला.

"आता त्या तुकड्याला येगळं कशाला ठिवायचं? ट्रॅक्टरनं एका दमात हरभरा टाकून घिऊ."

म्हटलं, "ते आत्याचं वावर आहे."

"हाव. पर आत्या कुठं हाय?"

ते दुष्टपणानं बोलले नाहीत. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, यंदा मी पेरते. ती पेरायची तसंच. ज्वारी आणि मधी करडी.

"तू? मोघा धरणार? पत्रक वाटायचं काम न्हाई ते."

"धरणार."

"बरं, धर. दोन तासं झाली की बांधावर बसशील."

त्यांनी हो म्हटलं ते मला जमणार नाही या खात्रीनं, असा माझा संशय आहे. पण तेवढ्यावर थांबले तर लबाडी होईल. मला स्वतःवरही संशय आहे. मी ते प्रेमानं म्हटलं की तुझं वाक्य तपासायला? साक्षीदार गेला की पुरावा आपला आपण गोळा करावा लागतो. समाधान, समाधान, बघू तरी काय असतं. खोटं निघालं तर माझं पत्रक खरं, आणि मग तुझी माफी मागायची गरज नाही. इतका हिशोबी विचार करून मी तुझ्या वावरात उतरले.

मोघा मी आधी एकदा धरला होता. तुला आठवतंय. सहावीत होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पेरणीच्या तिफणीला तीन दाते, तीन नळ्या. ज्या फेरीला करडी टाकायची त्या फेरीत एक नळी चिंधीनं बंद करायची आणि त्या तासात मागून मोघा चालवायचा. मोघा म्हणजे वर वाटी असलेली वेळूची एकच नळी, दोरीनं तिफणीला बांधलेली. बाईनं तो धरून मागं चालायचं आणि ओटीतलं बी मुठीनं सोडत जायचं. सगळी कला त्या मुठीत. तू मला शिकवलं होतंस, "घट्ट धरू नगं, मोकळी सोडू नगं. आंगठ्यानं सांगायचं एकेकाला, जा आता." जास्त सुटलं तर दाट उगवतं, अडलं तर काहीच उगवत नाही. आणि त्या दिवशी कुणालाच कळत नाही, कारण मागोमाग माती झाकून घेते. आठवड्यानं उगवून आल्यावर कळतं. मग मात्र अख्खं गाव वाचतं. या कामात चूक लपत नाही, उशिरा बोलते एवढंच.

तेव्हा माझ्या तासात खंडोगणती जागा मोकळ्या राहिल्या होत्या. जिथं उगवलं नाही तिथं नांग पडली म्हणतात. माझं तास सगळं नांगच नांग. लोक रस्त्यावरून बघायचे. आणि तू सगळ्यांना सांगत सुटलीस, "मुंग्यांनी नेलं. यंदा मुंग्या लई हायत." मी विश्वास ठेवला. कितीतरी वर्षं मुंग्यांवर राग धरला. पुढं कॉलेजात गेल्यावर एक दिवस सहज कळलं की मुंग्या असं सरळ रेषेत, बरोबर माझंच तास निवडून नेत नसतात.

तेव्हापासून तुझ्यावर संशय. जी बाई माझ्यासाठी मुंग्यांवर आळ घेते, ती कॅमेऱ्यासमोर खरं बोलेल कशावरून?

तर मी मोघा धरला. तुझाच, कोठ्यात आढ्याला खोचलेला, जिथं हात लागतो तिथं काळा तुळतुळीत झालेला. ओढणीची ओटी केली. धोंडीबाकाकांचे बैल, गावातली बहुतेक शेवटचीच जोडी. काका पुढं तिफणीवर, मी मागं. पहिल्याच फेरीत त्यांनी मागं न बघता सांगितलं, "पुढारीणबाई, मूठ सैल. भाषणात वळतेत तशी नगं."

पहिल्या दोन फेऱ्या मी काय केलं ते करडीलाच माहीत. पाय तासात पडत नव्हता, बी मुठीतून घसरत होतं, दोरीचा हिसका बसला की मोघा वाकडा. काका बैलांना बोलायचे आणि मला वाटायचं मलाच बोलतात. "सरळ चाल की भाड्या." आण्णा बांधावर उभे होते. ते बसायची वाट बघत होते, माझ्या बसायची.

मग तिसऱ्या की चौथ्या फेरीत काहीतरी झालं. नळीतून बी खाली जातं त्याचा आवाज येतो, आत्या. तू कधी सांगितलं नव्हतंस. बारीक, कोरडा आवाज, एकामागं एक. कान त्या आवाजाला लागला आणि अंगठा आपोआप त्याच्या चालीवर सुटायला लागला. पायाखालची माती वरून कोमट आणि आत थंड. बैलांचा वास. माझ्या डोक्यात दिवसरात्र एक भाषण चालू असतं. समोरच्याचं म्हणणं, माझं उत्तर, त्यावर त्याचं म्हणणं. ते भाषण बंद पडलेलं होतं. कधी पडलं कुणास ठाऊक. मी टोकाला पोचले, मोघा उचलला, आणि वळून बघितलं. एक काळी ओली रेघ, सरळ, मी केलेली. आणि कुणीही कुणाला काही पटवून दिलेलं नव्हतं.

पुढच्या फेरीच्या मध्यावर मला कळलं की मला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही. पोटापासून बरं. आणि कळल्याबरोबर मी दचकले. हे काय आहे? हे कुणी पाजलं? माझंच वाक्य माझ्यावर धावून आलं. मी स्वतःला असं पकडलं, जसं दुकानात चोर पकडतात. त्या नादात किती पावलं चालले ते माहीत नाही. मग पुन्हा आवाज ऐकू आला, पुन्हा चाल सापडली, आणि ती फेरी संपली. माती झाकून घेत होती. मी आण्णांकडं बघितलं. ते बांधावर नव्हते. नंतर कळलं, ते तिकडं बोरीच्या आडोशाला डोळे पुसत बसले होते. हे मला वहिनीनं सांगितलं, म्हणजे याच्यावरही किती विश्वास ठेवायचा ते तूच ठरव.

सातव्या दिवशी मी लातूरहून पहिल्या गाडीनं आले. करडी उगवली होती. दोन-दोन जाड पानं, वीत-वीत अंतरानं, तास धरून. पहिल्या दोन फेऱ्यांत गर्दी, जशी बाजाराच्या दिवशी असते. मग मात्र चांगलं उगवलेलं. इतकं चांगलं की मी वाकून बघत राहिले. आणि पुढच्या तासात, मध्यावर, काहीच नाही. मी चालून बघितलं. अकरा पावलं. एक रोप नाही.

ती कुठली जागा होती ते मला कुणी सांगावं लागलं नाही. तिथंच मी स्वतःला पकडलं होतं. पकडताना मूठ आवळली होती. समाधानानं नांग पडली नाही, आत्या. संशयानं पडली. ते समाधान बाकीच्या तासात जमिनीनं खरं मानलं, मी मात्र अकरा पावलं मानलं नाही.

धोंडीबाकाका येऊन शेजारी उभे राहिले. बिडी काढली, पेटवली नाही. त्या मोकळ्या जागेकडं बघून अगदी सहज म्हणाले, "मुंग्यांनी नेलं आसंल."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे तेव्हाही त्यांना माहीत होतं. म्हणजे त्या वर्षी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून मुंग्या मान्य केल्या होत्या, सहावीतल्या एका पोरीसाठी. ज्या गावातल्या एकाही माणसावर माझा विश्वास नाही, त्या गावानं.

म्हटलं, "न्हाई काका. माझ्या हातून राहिलं."

"आसं व्हय," ते म्हणाले. "मग टोक."

वहिनीनं बी भिजवून दिलं. मी गुडघ्यावर बसून बोटानं भोक पाडत, दोन-दोन दाणे टाकत, माती दाबत ती अकरा पावलं भरली. नखात माती गेली. एका जागी काटा लागला, गेल्या वर्षीच्या तुझ्या करडीचा असणार. टोकाला पोचल्यावर उठले आणि मागं वळून बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळं मातीखाली होतं. एकदाच बघितलं.

आता माझं म्हणणं ऐक. मी हरले असं समजू नकोस. तुला समाधान वाटायचं हे खरं होतं. सातबाऱ्यावर तुझं नाव नव्हतं हेही खरं होतं. दोन्ही एकाच वावरात होतं आणि तुला ते एका वाक्यात बोलायला अडचण आली नाही, आलीच असेल तर त्या फोनवाल्याच्या कात्रीची. मला मात्र दोन्ही एका पत्रकात मावत नव्हतं. मग एकाला खोटं ठरवावं लागलं. सातबाऱ्याशी भांडण लांबचं होतं, तहसीलला खेटे घालायचं. तू जवळ होतीस, वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला खोटं ठरवलं. याची माफी मी तू असताना मागितली नाही. आता मागते आहे, आणि आता मागणं सोपं आहे हेही मला कळतं.

तो गृहस्थ पुन्हा भेटला आणि त्यानं पुन्हा फोन काढला, तर मी त्याला सांगणार आहे, हो, ती खरं बोलते. तिला समाधान होतं. तुम्ही कधी आठवडाभर थांबून आपल्या हातचं उगवलेलं बघितलंय का? आणि आता सांगा, ते वावर तिच्या नावावर का नव्हतं?

आण्णांना म्हटलं, त्या वावरावर आता आईचं नाव लावा. तीही काढणीच्या दिवसांत तिथं तुझ्या मदतीला वाकलेली आहे. ते म्हणाले, "बघू." 'बघू' या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. तलाठी कुठल्या वारी बसतो ते मी विचारून ठेवलंय.

नवं पत्रक लिहिलं. 'समाधान' हा शब्द त्यात आहे, या वेळी कुणी पाजलं असं न विचारता. संगीता वहिनीला आधी वाचून दाखवलं, तुझ्या ओट्यावर बसून, मोठ्यानं, सगळं. छापखान्यात गेले आणि म्हटलं, कागद जाड लावा. तो म्हणाला, "कशाला, ताई? लोक फेकूनच देतात."

म्हटलं, आमच्याकडं त्यात बी बांधतात.